हातबनावटीचे चामड्याचे पट्टे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पट्ट्याची चौकशी करताना बहुतेक जण रंग विचारतात आणि वरून काढलेला फोटो मागतात. आम्ही सोबत उलट्या बाजूचा आणि कापलेल्या कडेचा फोटोही पाठवतो. वरची बाजू रंगवता येते, घासता येते, तिच्यावर हवा तो ठसा उमटवता येतो. पट्टा दहा वर्षे चालणार की वर्षभरात सालपटे सोडणार, हे कळते ते खालून आणि कडेने. फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पट्टा आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, उत्तरे तीच लागू पडतील.

खरे चामडे ओळखायचे कसे? जाळून पाहू का?

जाळू नका. दुकानदार भांडेल हा एक भाग झाला, पण त्यातून फारसे कळतही नाही. रेक्झिन वितळून त्याचा गोळा होतो आणि प्लॅस्टिकचा वास येतो, हे खरे. मात्र हलक्या चामड्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेला असेल तर दोन्ही वास एकदमच येतात आणि शंका तशीच राहते. नुसत्या वासावर तर मुळीच जाऊ नका. चामड्याच्या वासाचा फवारा बाजारात मिळतो.

कड पाहा. पट्ट्याचे टोक, नाहीतर भोकाची आतली बाजू. खऱ्या, सलग चामड्यात तंतू दिसतात: वर बारीक आणि घट्ट, खाली जाताना जरासे मोकळे. मधे एखादी सरळ रेषा गेलेली दिसली की दोन थर चिकटवले आहेत असे समजा. ते वाईटच असते असे नाही, पण विकणाऱ्याने सांगायला हवे. दोन पातळ थरांच्या मधे करड्या रंगाचा पुठ्ठा दिसला, तर पैसे पुठ्ठ्याचे जात आहेत. कडेवर जाड रंग फासून काहीच दिसू दिले नसेल तर भोकात डोकावा. भोके सहसा रंगवलेली नसतात.

मग पट्टा वरची बाजू आत घेऊन दुमडा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सरळ केल्यावर जवळजवळ नाहीशा होतात. वरचा पापुद्रा सैल होऊन फुगल्यासारखा वर आला, तर आतले तंतू ढिले आहेत किंवा थर सुटू लागला आहे.

‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का आहे. मग चांगलेच असणार ना?

त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की आत कुठेतरी जनावराचे कातडे आहे. प्रतीबद्दल तो काहीही सांगत नाही.

म्हशीचे किंवा बैलाचे कातडे जाड असते, म्हणून कारखान्यात ते यंत्रावर आडवे चिरून त्याचे थर करतात. वरचा थर, म्हणजे जिथे केस होते ती बाजू, सगळ्यात घट्ट आणि टिकाऊ. ती न घासता जशीच्या तशी ठेवली तर तिला फुल ग्रेन म्हणतात. डाग-ओरखडे घालवायला हलके घासले की बाजारात ते बहुधा टॉप ग्रेन म्हणून येते. बरेच घासून, वर रंगाचा थर देऊन नकली दाणा, म्हणजे कातड्यावर असते तशी बारीक नक्षी, उमटवला की करेक्टेड ग्रेन. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्याला स्वतःचा वरचा पृष्ठभाग नसतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा लेप देतात किंवा घासून त्याचे स्वेड करतात. आणि कातरकाम करून उरलेला चुरा डिंकासारख्या द्रव्यात मळून लाटला की ते बॉन्डेड लेदर. स्वस्तातले जे पट्टे भोकाजवळ तुटतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो, ते बहुतेक हेच. शिक्का मात्र पुष्कळदा सगळ्यांवर सारखाच असतो.

एका पट्ट्याला चामडे लागते ते किती? मग एवढी किंमत कशी?

लागते जेमतेम अर्धा चौरस फूट. ३८ मिलिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब पट्टीचे क्षेत्रफळ तेवढेच भरते. हा हिशेब करून आलेले गिऱ्हाईक आम्हाला आवडते, कारण त्याला पुढचा हिशेब समजावता येतो.

पर्ससाठी अर्धा चौरस फूट चामडे कातड्यावर कुठूनही, डाग चुकवून, तुकड्यांत काढता येते. पट्ट्याला ते एका रेषेत सलग लागते आणि तेही पाठीचे. जनावराच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या भागात तंतू सगळ्यात दाट असतात आणि जाडी एकसारखी असते. पोटाकडचे कातडे मऊ, पातळ आणि ताणणारे. साहजिकच आहे, चारा खाल्ल्यावर पोट फुगणार, तिथले कातडे ताणले जायलाच हवे. मानेवर वळ्या असतात, पायांजवळ तंतूंची दिशा बदलते. म्हणून पट्ट्या कण्याला समांतर कापायच्या, कण्यापासून सुरुवात करून पोटाच्या अलीकडे थांबायचे. पोटाची पट्टी नवी असताना अगदी सारखी दिसते. सहा महिन्यांत लांबते, भोके अंडाकृती होतात आणि ती नागमोडी पडते.

आता व्यवहार असा, की कातडे चौरस फुटावर विकले जाते आणि भाव पाठीला-पोटाला एकच. नुसती पाठ वेगळी कापून मिळते, पण तिचा भाव वेगळा. उरलेल्या भागातून किल्ल्यांचे छल्ले, वह्यांची वेष्टने वगैरे निघतात, तरी पाठीच्या पट्टीवर त्यांचा भार पडतोच. त्यात पितळी बक्कल आणि हाताचे काम धरा. पाचशे रुपयांत ‘हँडमेड फुल ग्रेन’ पट्टा देणारा यातले काहीतरी गाळतो आहे. बहुधा पाठच.

चामडे कोणत्या जनावराचे असते?

आमच्याकडे म्हशीचे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. त्यामुळे राज्यात मिळणारे जाड कातडे मुख्यतः म्हशीचेच. म्हशीचा दाणा जाडा असतो आणि जाडी भरपूर मिळते. गोवंशाचे चामडे जास्त बारीक दाण्याचे आणि आतून थोडे घट्ट. ते परराज्यातून किंवा आयात होऊन येते. शेळीचे कातडे मजबूत, पण पट्ट्यासाठी फार पातळ. ते अस्तराला वापरतात.

ज्यांना जनावराचे काहीच नको, त्यांनी सरळ जाड सुती कॅनव्हासचा पट्टा घ्यावा. ‘व्हेगन लेदर’ या नावाने येणारे बरेचसे पीयू असते, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर. आपल्या दमट हवेत तो थर काही वर्षांत चिकट होऊन सुटतो. कॅनव्हास त्याहून प्रामाणिक.

व्हेज टॅन आणि क्रोम टॅन यांत फरक काय? व्हेज टॅन म्हणजे जनावराचे नसते का?

जनावराचेच असते. फरक ते कशाने कमावले याचा आहे.

कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते आणि वाळले तर पापडासारखे कडक होते. ते टिकाऊ आणि लवचीक करणे म्हणजे कमावणे. झाडांच्या साली आणि फळांतल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावले की व्हेज टॅन. आपल्याकडे यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने असेच कमावलेले. चुन्यात भिजवून केस काढायचे, कातडे शिवून त्याचीच पिशवी करायची, ती टांगायची आणि आत साल-हिरड्याचे पाणी भरायचे. पाणी कातड्यातून हळूहळू पाझरत खाली येते, ते पुन्हा वर ओतायचे. या कामाला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तमिळनाडूत यासाठी तरवडाची साल वापरत. पुढे परदेशी वॅटल झाडाचा अर्क त्याच्या जागी आला.

क्रोम टॅनमध्ये क्रोमियमचे क्षार वापरून फिरत्या पिंपात हेच काम दिवसा-दोन दिवसांत होते. जगातले बहुतांश चामडे आज असेच कमावले जाते. ते मऊ असते, पाणी आणि उष्णता जास्त सोसते, रंग चटकदार घेते. बूट, जॅकेट, सोफा, हातमोजे यांना ते उत्तम, आणि त्याला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पट्ट्याची गरज वेगळी. पट्ट्याला ताण सोसायचा असतो, आकार धरायचा असतो आणि त्याची कड उघडी असते. तिथे व्हेज टॅनचा घट्टपणा कामाला येतो.

क्रोमियम अंगाला बाधते का?

कमावताना वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. घातक असते ते षट्संयुजी, आणि काम निष्काळजीपणे झाले तर चामड्यात ते तयार होऊ शकते. युरोपीय संघात २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. पट्टा कपड्यावरून बांधला जातो, त्यामुळे वापरणाऱ्याला धोका कमीच. खरा प्रश्न टॅनरीतल्या, म्हणजे चामडे कमावण्याच्या कारखान्यातल्या, कामगारांचा आणि तिथून नदीत जाणाऱ्या पाण्याचा आहे. कानपूरच्या जाजमऊ या टॅनऱ्यांच्या भागाचे नाव त्यासाठीच वारंवार बातम्यांत येते. व्हेज टॅनचे सांडपाणीही काही गोमूत्र शिंपडल्यासारखे पवित्र नसते. त्यालाही शुद्धीकरण लागतेच.

व्हेज टॅन आहे हे घरी तपासता येईल?

येईल, एका लोखंडी खिळ्याने. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, बक्कलजवळच्या दुमडीत, जिथे डाग दिसणार नाही अशा जागी पाण्याचा थेंब लावा. त्यावर गंज न चढलेला लोखंडी खिळा किंवा न रंगवलेला चुका अर्धा तास टेकवून ठेवा. टॅनिन असेल तर तिथे निळसर काळा डाग उठतो. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड घालून शाई करत, तीच ही क्रिया. क्रोमच्या चामड्यावर असा डाग पडत नाही. स्टेनलेस स्टीलचा चमचा घेऊन प्रयोग करू नका, काही होणार नाही.

यावरून एक सूचना: पावसात भिजलेला पट्टा लोखंडी खुंटीवर टांगू नका.

नवीन पट्ट्यावर बारीक ओरखडे आणि ठिपके आहेत. बदलून मिळेल का?

चामडे चिरले असेल किंवा खोल खड्डा असेल तर जरूर. पण गोचिडीच्या चाव्यांचे बारीक ठिपके, काट्याचा भरून आलेला ओरखडा, एखादी फिकट शीर, या गोष्टी फुल ग्रेनवर असणारच. जनावर रानात चरले होते. त्या नको असतील तर वरचा थर घासावा लागेल, म्हणजे चामड्याचा सगळ्यात मजबूत भाग काढून टाकावा लागेल. ही अदलाबदल आम्ही करत नाही. सुरुवातीला फिकट मधाच्या रंगाचा पट्टा घेतलात, तर वर्षभरात ऊन, घाम आणि हात लागून तो गडद होईल आणि बहुतेक ठिपके त्यात मिसळतील.

जाडी किती हवी?

एकेरी पट्ट्याला ३.५ ते ४ मिलिमीटर. फॉर्मल पॅन्टला ३ चालेल. ५ मिलिमीटरचा पट्टा फोटोत रुबाबदार दिसतो आणि जेवायला बसल्यावर पोटात रुततो.

कडा इतक्या गुळगुळीत कशा? रंग दिला आहे का?

नाही, आणि पट्टा हाताने केला आहे याची आमच्या मते सगळ्यात चांगली खूण हीच. कापल्यावर कड चौकोनी आणि केसाळ असते. आधी दोन्ही कोपरे छोट्या हत्याराने छिलून गोलाई आणायची. मग सँडपेपर, आधी २२०, नंतर ४०० आणि ६००. त्यानंतर कड पाण्याने किंचित ओली करायची. किंचित म्हणजे किंचित. जास्त ओली झाली की ती छत्रीसारखी पसरते आणि पुन्हा कापावी लागते. मग खाच असलेल्या लाकडी दांड्याने ती जोरात घासत राहायची. सुरुवातीला दांडा अडकतो, खरखर आवाज येतो. घर्षणाची ऊब आत उतरली की आवाज बदलतो, दांडा सरसर पळू लागतो आणि कड एकदम गडद होऊन चमकते. तंतू एकमेकांवर बसून बंद झालेले असतात. शेवटी मधमाशीचे मेण घासून कापडाने पुसायचे.

क्रोमच्या चामड्याची कड अशी बसत नाही, स्पंजासारखी उठून येते. म्हणून तिथे रंग देतात किंवा कडा आत दुमडून शिवतात. चांगला रंग, पातळ थरांत, मधे घासून दिलेला असेल तर टिकतो. एकाच जाड थरात दिलेला असेल तर भोकांजवळ आधी तडकतो आणि नखाने दोरीसारखा ओढून निघतो.

तुमच्या पट्ट्यावर शिलाई नाही. मग तो उसवणार नाही का?

शिलाई नाही म्हणूनच उसवणार नाही. एकेरी पट्ट्याला कडेने शिवण्यासारखे काही नसते. तिथली शिवण निव्वळ नक्षी. शिलाई हवी ती बक्कलच्या दुमडीला. ती आम्ही दोन सुया आणि एकच मेणवलेला दोरा वापरून घालतो. दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा फक्त एकमेकांत अडकवलेला असतो. एक झिजला की पुढचे सुटू लागतात. ज्यांना बक्कल बदलायचे असते त्यांना शिलाईऐवजी स्क्रू लावून देतो.

बक्कल कोणते घ्यावे?

भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील. स्वस्त बक्कल जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते, त्यावर सोनेरी किंवा चंदेरी मुलामा. ते सहसा काट्याच्या मुळाशी तुटते. लोहचुंबकाने पितळ आणि जस्त वेगळे ओळखू येत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. मागच्या बाजूला नखाएवढी जागा घासून पाहा: आतही पिवळे असेल तर पितळ, करडे निघाले तर जस्त. पितळ काळवंडते, चिंच आहेच.

बेंबीखाली खाज किंवा चट्टा येत असेल तर दोष बहुधा चामड्याचा नसतो, बक्कलवरच्या निकेलचा असतो. स्टेनलेसमध्येही थोडे निकेल असते, तरी बहुतेकांना ते बाधत नाही. त्रास जुना असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि साधे, मुलामा नसलेले पितळ वापरून पाहा.

माप कसे द्यायचे? माझी पॅन्ट ३४ ची आहे.

पॅन्टचा आकडा देऊ नका. रेडिमेड पॅन्टवर ३४ लिहिलेले असते आणि टेप ३६ दाखवते. गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून कंपन्या असे करतात. सध्याचा पट्टा टेबलावर सरळ पसरा. चामडे बक्कलभोवती जिथे दुमडले आहे तिथपासून तुम्ही रोज लावता त्या भोकापर्यंत मोजा. तेवढा आकडा पुरे. आम्ही ते मधले भोक धरतो आणि दोन्हीकडे एक-एक इंचावर दोन-दोन भोके देतो. कंबर वाढती असेल तर तसे सांगा, लाजू नका.

रुंदी जीन्सला ३८ ते ४० मिलिमीटर, फॉर्मलला ३० ते ३५. एकच पट्टा दोन्हीला हवा असेल तर ३५.

पांढऱ्या पॅन्टला रंग लागेल का?

गडद रंगाचा नवा पट्टा घामाने सुरुवातीला थोडा रंग सोडू शकतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली बाजू पुसा. फडके रंगले तर पहिले काही आठवडे जीन्सवरच वापरा.

पावसाळ्यात पट्ट्यावर पांढरे येते. बुरशी का?

कोकणात आणि मुंबईत जुलैत येते ते बहुधा बुरशीच. पण थंडीत येणारे पांढरे पुष्कळदा चामड्यातली चरबी किंवा मेण असते. हेअर ड्रायरची कोमट हवा मारा: विरघळून नाहीसे झाले तर मेण, फडके फिरवा आणि विसरा. तसेच राहिले तर बुरशी.

बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, आत पुसलीत तर कण कपाटभर उडतात. मग अर्धे पाणी, अर्धे व्हिनेगर घेऊन फडके बुडवा, घट्ट पिळा आणि हलके फिरवा. पंख्याखाली, सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलात तर व्हेज टॅन चामडे आखडते आणि तडकते, ते पुन्हा सरळ होत नाही. पावसाळाभर पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हा सगळ्यात वाईट उपाय. ओल आतच राहते. कपाटात मोकळा टांगा, किंवा सरळ रोज वापरा. वापरातल्या पट्ट्याला बुरशी क्वचितच येते.

खोबरेल तेल लावले तर चालते का?

चमचाभर लावणारे भेटतात, म्हणून सांगतो: बोटाला लागेल एवढेच, तेही वर्षातून एकदा. जास्त तेलाने तंतू सैल होतात, पट्टा लांबतो आणि शर्टाला डाग पडतात. शेंगदाणा, सरसो ही तेले नकोत, ती चिकटतात आणि त्यांना खवट वास येतो. मेण असलेले लेदर बाम बरे. पण पट्टा कोरडा पडला असेल तरच. वर हात फिरवून कळते. बूट पॉलिश वरच्या बाजूला चालेल, आतून अजिबात नको.

‘अस्सल कोल्हापुरी पट्टा’ म्हणून विकतात तो काय असतो?

२०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापुरी चपलेला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पट्टा त्यात येत नाही. चपलेच्याच चामड्याचा आणि त्याच कारागिरांच्या हातचा पट्टा चांगला असू शकतो, पण शिक्का पाहून नव्हे, कड पाहून घ्या.

मगरीच्या कातड्याचा पट्टा करून द्याल का?

नाही. भारतात मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. बाजारात दिसतो तो गोवंशाच्या किंवा म्हशीच्या चामड्यावर दाबलेला ठसा. तो ठशाचा पट्टाही आम्ही करत नाही, पण ते आवडीचे कारण आहे, कायद्याचे नाही.

वजन कमी झाले, पट्टा मोठा होतो. भोक कुठे पाडू?

खिळा ठोकून पाडू नका. खिळा चामडे फाडतो आणि ताण आला की ती चीर टोकाकडे सरकते. चपला दुरुस्त करणाऱ्याकडे गोल पंच असतो, त्याच्याकडे जा आणि आहे त्याच अंतरावर, बरोबर मध्यरेषेवर भोक पाडून घ्या. दोनपेक्षा जास्त भोके लागत असतील तर टोकाकडून कापू नका, त्याचा आकार बिघडतो. पट्टा बक्कलच्या बाजूने कमी करायचा असतो: दुमड उसवायची, हवे तेवढे कापायचे, काट्याची लांबट खाच नव्याने पाडायची आणि पुन्हा शिवायचे. आमचा पट्टा असेल तर हे काम फुकट, कुरिअरचा खर्च तुमचा.